सामन्याआधीचे पेढे

एकदा एका शहरात फुटबॉलच्या अंतिम सामन्यात दोन पेठांचे संघ समोरासमोर आले. एक वरची पेठ, दुसरी खालची. दोन्हींच्या मध्ये एक चौक आणि चौकात चहाची टपरी. त्या शहरात या खेळाचे वेड असे, की बारशाला आलेले आजोबा बाळाचे पाय निरखून म्हणत, "हा डावखुरा फॉरवर्ड होणार." सामना रविवारी होता, परंतु गुरुवारपासूनच टपरीवर त्याचा निकाल रोज चार-पाच वेळा लागत होता.

वरच्या पेठेच्या बाजूने बोलणारा प्रमुख माणूस म्हणजे सर्जेराव. चाळिशीचा, व्यवसायाने शिंपी, बुद्धीने तल्लख. गेल्या वीस वर्षांतला कोणता गोल कितव्या मिनिटाला कोणाच्या पायातून झाला, हे त्याला मुखोद्गत होते. खालच्या पेठेतर्फे त्याच्याशी झुंजायला दौलत येई. त्याला सगळे दौलू म्हणत. दोघे एकाच शाळेत, एकाच मास्तरांच्या हाताखाली खेळ शिकले होते. सर्जेराव आघाडीला खेळे, दौलू बचावाला. पुढे संसारात खेळ सुटला, वाद तेवढा राहिला.

शुक्रवारी संध्याकाळी टपरीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

"दौलू, तुमच्या गोलकीपरचं बोट सुजलंय म्हणे," सर्जेरावाने सुरुवात केली.

"बोट सुजलंय, डोळे नाहीत. बॉल दिसतोय त्याला."

"दिसणारच की. जाळ्यात गेल्यावर सगळ्यांनाच दिसतो."

एका बाजूला हशा पिकला. दौलूने चहाचा घोट घेतला आणि शांतपणे विचारले, "आणि तुमचा तो अकरा नंबर? मागच्या सामन्यात शेवटची दहा मिनिटं कमरेवर हात ठेवून उभा होता. आमचा बॅक त्याला पाणी पाजून परत पाठवील बघ."

आता दुसरी बाजू हसली. तो हशा सर्जेरावाला झोंबला. आपल्याच माणसांदेखत शब्द कमी पडला, हे त्याला सोसेना. तो उसळून म्हणाला, "तुमचा संघ आहे तरी कशाला, लगा? दर वर्षी यायचं आणि आमची वाट अडवायची. एकदा तुमच्या तालमीला कायमचं कुलूप पडलं ना, म्हणजे शहराचा फुटबॉल सुधारेल!"

खालच्या पेठेचा संघ ज्या तालमीचा, ती दौलूच्या वडिलांनी उभी केली होती. वडील गेल्यापासून रोज पहाटे तिचे दार दौलू उघडत असे. त्याने अर्धा भरलेला पेला फळीवर ठेवला, "बरं," एवढेच म्हणाला आणि निघून गेला. त्याच्यामागे खालच्या पेठेची सगळी माणसे उठली.

सर्जेरावाच्या पाठीवर थापा पडल्या. पण नवल असे, की समोर कोणी उरले नाही तेव्हा कोणाला काही बोलायचेही उरले नाही. दहा मिनिटांत टपरी रिकामी झाली.

काहीशा अस्वस्थ मनाने सर्जेराव हिंदुराव मास्तरांकडे गेला. मास्तर ऐंशीचे होते. तरुणपणी ते वरच्या पेठेचे कर्णधार होते. पुढे शाळेत त्यांनी दोन्ही पेठांची मुले घडवली. कोण जिंकणार, हे सांगण्याच्या फंदात ते कधी पडले नव्हते.

"मास्तर, एकदा तरी सांगा. परवा कोण?"

मास्तरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले. "उद्या सकाळी दोन डबे पेढे घेऊन ये. ताजे आण."

सर्जेरावाला आनंद आवरेना. मास्तर पेढे मागवतात, याचा अर्थ उघड होता! त्याने पेठेत सर्वांना ही वार्ता सांगितली आणि शनिवारी सकाळी दोन डबे घेऊन दारात हजर झाला. मास्तरांनी काठी उचलली, टोपी नीट केली आणि ते चालू लागले. चौकापर्यंत सर्जेराव उत्साहाने बोलत होता. चौक ओलांडून मास्तर खालच्या पेठेकडे वळले, तेव्हा तो दोन पावले मागे पडला.

तालमीत खेळाडू सरावाहून नुकतेच परतले होते. मास्तरांनी पहिला पेढा सुजल्या बोटाच्या गोलकीपरच्या हातावर ठेवला. त्याने वाकून नमस्कार केला आणि गोंधळून विचारले, "मास्तर, सामना तर उद्या आहे. आम्ही जिंकणार म्हणून देताय, का हरणार म्हणून?"

"तू उद्या मैदानावर येणार आहेस ना?"

"येणार म्हणजे काय! येणारच."

"म्हणून."

मग एकेकाला पेढा मिळाला. डबा सर्जेरावाने धरायचा, पेढा मास्तरांनी द्यायचा. शरमेने त्याची मान वर होईना. दारापाशी दौलू उभा होता. त्याने पेढा घेतला. मात्र खाल्ला नाही, तसाच मुठीत धरून ठेवला.

परतताना सर्जेरावाचा बांध फुटला. "मास्तर, तुम्ही आमचे कर्णधार! सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांचं तोंड गोड करायचं? पेठेत काय सांगू मी?"

मास्तर वाटेतल्या मैदानाच्या पायरीवर बसले. समोर चुन्याच्या ताज्या रेषा उन्हात चमकत होत्या.

"सर्जेराव, मी कर्णधार असताना असाच एक अंतिम सामना होता. त्याआधी चौकात मीही म्हणालो होतो, हे आलेच नाहीत तर बरं. आणि ते खरंच आले नाहीत. खालच्या पेठेत तापाची साथ आली. त्यांचे अकरा जणही उभे राहीनात. आम्ही अकरा जण या मैदानावर उभे राहिलो. पंचांनी शिट्टी वाजवली, मला बॉल रिकाम्या जाळ्यात मारायला सांगितलं. मी मारला. अडवायला कोणी नव्हतं. जाळ्यातून बॉल काढून द्यायलाही कोणी नव्हतं. मीच चालत गेलो आणि तो काढून आणला. चषक मिळाला, पण घरी आईनं विचारलं, 'कोणाला हरवलंस?' मला उत्तर देता आलं नाही."

मास्तरांनी काठी पायरीला टेकवून ठेवली.

"बॉल कसा मारायचा ते मला माझ्या गुरूंनी शिकवलं. पण पळायचं कसं, वळायचं कसं, पडून उठायचं कसं, हे समोरच्यानं शिकवलं. त्याचे आभार कोणी मानत नाही. जिंकल्यावर मानले तर ते उपकार दाखवल्यासारखं होतं, हरल्यावर जड जातं. म्हणून आधीच मानावेत. कोण जिंकणार ते मला ठाऊक नाही, बाबा. उद्या बावीस जण धडधाकट मैदानात उतरणार आहेत, एवढं ठाऊक आहे. मला तेवढं पुरतं."

 सर्जेरावाने मास्तरांना घरी पोचवले आणि एकटाच पुन्हा चौक ओलांडला.

दौलू तालमीच्या पायरीवर बसून बॉलमध्ये हवा भरत होता. "आता काय राहिलं?" त्याने मान वर न करता विचारले.

"काल कुलपाचं बोललो, ते वाईट बोललो. तुझ्या वडलांची जागा आहे ही. शब्द परत घेतो, दौलू."

पंपाचा आवाज चालूच राहिला. मग दौलूने बॉल पुढे केला. "नीट धर. हलतोय."

सर्जेरावाने दोन्ही हातांनी बॉल घट्ट धरला. बॉल हळूहळू टणक होत गेला.

"शाळेत तुझा डावा पाय नुसता लाकूड होता," दौलू म्हणाला. "नंतर एवढा कसा चालायला लागला?"

"तू उजवीकडून जाऊच द्यायचा नाहीस," सर्जेराव म्हणाला आणि स्वतःच चकित झाला. पंचवीस वर्षे त्या डाव्या पायाचा त्याला अभिमान होता. तो कोणामुळे आला, हे आजवर मनात आले नव्हते. त्याचे डोळे भरून आले. दौलूने ते पाहिले आणि पंप जरा जोरात मारला.

रविवारी सामना झाला. वरच्या पेठेच्या अकरा नंबरने पहिला गोल केला. उत्तरार्धात खालच्या पेठेने बरोबरी साधली आणि शेवटच्या चार मिनिटांत दुसरा गोल चढवला. खालची पेठ जिंकली. सर्जेरावाला दुःख झाले नाही असे नव्हे.  प्रेक्षक पांगले तरी तो बसून राहिला.

थोड्या वेळाने गुलालाने माखलेला दौलू मिरवणूक सोडून आला आणि शेजारी टेकला. 

"बरोबरीचा गोल ऑफसाइड होता," सर्जेराव म्हणाला.

"अजिबात नव्हता."

"मी रेषेतच बसलो होतो, मर्दा!"

"मग रेषा वाकडी असेल तुझी."

वाद चढत गेला. मैदानाचा रखवालदार दोनदा येऊन, उठा म्हणून सांगून गेला. तावातावाने हातवारे करता करता सर्जेरावाने दौलूच्या लाल चेहऱ्याकडे पाहिले आणि मनातल्या मनात हात जोडले. मग पुन्हा आवाज चढवला.

ज्याच्याशी वाद घालायला आपण कामे टाकून चौकात जातो, तो उद्याही तिथे भेटावा, एवढेच देवाजवळ मागावे.