खोलीबाहेर थांबलेले डॉक्टर

कऱ्हाडच्या बाजारपेठेत एकदा एक भांड्यांचे व्यापारी खोकल्याने आजारी पडले. त्यांचे नाव वामनशेठ तांबट. पुण्यात तपासण्या झाल्या आणि फुप्फुसाचा कर्करोग निघाला, तोही यकृतापर्यंत पसरलेला. केमोथेरपीचे पहिले डोस तिथेच झाले. पुढचे घराजवळ घ्यावेत म्हणून ते डॉ. गोगटे यांच्याकडे येऊ लागले. गोगटे वयोवृद्ध, मितभाषी होते. त्यांच्या हाताखाली मृणाल नावाची तरुण डॉक्टर शिकत होती.

नव्या स्कॅनमध्ये गाठ थोडी लहान झालेली दिसली. तरीही वामनशेठ मिटत चालले होते. जेवण सुटले, झोप उडाली, दुकानाची चौकशीही ते करीनात.

मृणालने त्यांच्या पत्नीला, कलावतीबाईंना, बाजूला घेऊन विचारले. त्या म्हणाल्या, "छातीत पाणी झालंय, एवढंच सांगितलंय त्यांना. खरं कळलं तर हाय खातील. तुम्ही काही बोलू नका, बाई."

नंतर ती वामनशेठना तपासू लागली, तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला कॅन्सर आहे, ते पहिल्या सलाइनलाच कळलं. पण हिला पाणीच झालंय असं वाटतंय. वाटू दे. कळलं तर धसका घेईल."

मृणालने दोन्ही गोष्टी गोगट्यांच्या कानावर घातल्या आणि झोपेसाठी एखादी गोळी सुचवली.

"लागली तर देऊ," ते म्हणाले. "आधी दोघांना आत बोलवा."

दोघे समोर बसल्यावर गोगटे म्हणाले, "तुम्ही दोघांनी मृणालला एकच गोष्ट सांगितली आहे, आणि दोघांनीही ती एकमेकांपासून लपवायला सांगितली आहे. मी बाहेर थांबतो." एवढे बोलून ते स्वतःच्या खोलीतून उठले, मृणालला घेऊन बाहेर आले आणि त्यांनी दार ओढून घेतले.

बाहेर बाकांवर रुग्णांची गर्दी होती. गोगटे भिंतीला टेकून उभे राहिले. मृणाल अस्वस्थ झाली.

"सर, आपण आत असायला हवं होतं. सगळं समजावून सांगायला, कुणाला सावरायला."

"आजाराबद्दल आपण समजावूच," गोगटे म्हणाले. "पण त्यांच्यावर आणखी एक ओझं आहे, चेहरा सांभाळण्याचं. ज्याच्याजवळ रडायचं, त्याच्यासमोरच दिवसभर हसायचं. त्यावर माझ्याकडे औषध नाही. ते त्यांनी एकमेकांसमोरच उतरवायला हवं. तिथे तिसरा माणूस कशाला?"

बऱ्याच वेळाने दार उघडले. कलावतीबाईंचे डोळे लाल होते.

"मी हिची माफी मागितली," वामनशेठ म्हणाले. "विड्या सोडा म्हणून जन्मभर सांगत होती."

"ते झालं गेलं," कलावतीबाई म्हणाल्या. "आता दोन घास जेवा, म्हणजे झालं."

वामनशेठ खुर्चीत सावरून बसले. "आता सांगा डॉक्टर. किती दिवस?"

गोगटेही बसले. "पूर्ण बरं होणार नाही. औषध लागू पडतंय तोवर आजार आटोक्यात राहील. तुमच्यासारख्यांपैकी साधारण निम्मे लोक वर्षभर काढतात. काही त्याहून कमी, काही बरंच जास्त. तुमचं काय होईल, ते आज मला सांगता येत नाही. दुखलं किंवा दम लागला तर सोसत बसू नका. त्यावर उपाय आहेत."

वामनशेठनी मान डोलावली. त्या आठवड्यात ते थोडे जेवू लागले. पुढे बरे वाटेल तेव्हा दुकानातही जाऊन बसत, आणि सोबत कलावतीबाई असत. पुढच्या उन्हाळ्यात आजार बळावला आणि ते घरीच वारले.

काही दिवसांनी कलावतीबाई दवाखान्यात भेटायला आल्या. गोगटे राउंडवर होते, म्हणून मृणालपाशी बसल्या.

"शेवटी शेवटी आम्ही भांडलोसुद्धा," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"कशावरूनही. आमटीतल्या मिठावरून." त्या थोडे हसल्या. "सुरुवातीला आम्ही एकमेकांशी फार गोड वागत होतो, बाई. तेच दिवस जड गेले."