याईरच्या गाढवांचा पुढारी

“अख्ख्या गिलाद देशात माझ्याएवढा शहाणा कुणी नाही,” म्हातारा हामोर सांगायचा आणि लगेच दात काढायचा, “गाढवांत हं!” गोष्ट फार जुनी. तिथं न्यायनिवाडा करणाऱ्या याईर शास्त्याला तीस मुलगे होते आणि मुलागणिक एक गाढव. त्या तीस गाढवांचा हामोर म्हणजे आजोबा, तोही गाढवच.

एका उन्हाळ्यात गावचा झरा आटला. पाणी उरलं ते खिंडीपलीकडे, आणि खिंड इतकी अरुंद की एकामागं एकच जावं लागे. पण शास्त्याच्या मुलांची गाढवं ती! “मी कुणाच्या शेपटीमागं चालू?” म्हणत तिसांनी पाय रोवले. घसे कोरडे पडले तरी एक हलेना.

हामोरला चेव आला. “गोल धरा रे! गोलात सगळेच पुढं!”

तीस पुढारी ऐटीत गरगर फिरले आणि मजा म्हणून हामोरही त्यांच्यात घुसला. शेवटी भोवळ येऊन सगळे धपाधप आडवे. पुढचा कोण, मागचा कोण, कुणालाच कळेना.

तेवढ्यात पाणी वाहणारी गाढवी सिल्ला आली. खिंडीच्या तोंडाशी पडलेल्याला तिनं डोक्यानं ढुसणी दिली, “ऊठ रे, चल.” मग त्याच्या शेजारच्याला, मग पुढच्याला. झिंगल्यासारखी ती वरात खिंडीतून पाण्यावर पोचली.

पोटभर पाणी पिताच हामोरची ऐट परतली. “बघितलंस, कशी एकी केली मी! बोल सिल्ले, आजचा पुढारी कोण?”

“ते तुम्हीच ठरवा, आजोबा. मी आपली मागं कोण राहतंय ते बघत होते. शेवटी तुम्हालाच ढकलत आणलं.”