राजाच्या कानातली डरकाळी

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि डोंगरात चेटकिणी राहत, रणधवल नावाचा राजा होता. समोरच्याचे बोलणे त्याने कधी पुरते ऐकून घेतले नाही. एके दिवशी काळंभी चेटकीण दरबारात आली.

“महाराज, माझी लेक...”

“हाकला हिला!” राजा गरजला.

दारातून ती वळली. “राजा, यापुढे तुला माणसाचा शब्द ऐकू येणार नाही. वाघाची डरकाळी ऐकू येईल.”

तसेच झाले. प्रधानाने तोंड उघडले आणि राजाला वाघाची डरकाळी ऐकू आली. राजाने तलवार उपसली. प्रधान जीव घेऊन पळाला. राणी केतकी काळजीने जवळ येऊन काही बोलली, तर तलवार तिच्याच खांद्याला चाटून गेली. रक्त पाहून राजा स्वतःलाच भ्याला. राजवाडा ओस पडला.

मग खिडकीत धनेश पक्षी बसला. पक्ष्याचे बोलणे राजाला कळत होते. “काळंभीच्या गुहेत जा. शस्त्र उपसू नकोस, पाठ फिरवू नकोस, तिचे बोलणे संपेपर्यंत तोंड उघडू नकोस, म्हणजे शाप सुटेल. एक जरी चुकले, तर तूच वाघ होशील.”

राजा गुहेत शिरला. काळंभी बोलली आणि डरकाळीने दगड ढासळताहेत असे राजाला वाटले. त्याचा हात तलवारीच्या मुठीवर गेला; त्याने तो मागे घेतला. दुसऱ्या डरकाळीला पाय दाराकडे ओढू लागले. त्याने ते रोवले. तिसऱ्या वेळी ओरडावेसे वाटले. तो ओठ चावून तिच्याकडे पाहत राहिला. तेव्हा त्याला दिसले, तिचे डोळे भरले होते. तिचा हात कमरेइतकी उंची दाखवत होता. दरबारात त्याने तोडलेले ‘माझी लेक’ हे शब्द त्याला आठवले.

ती थकून थांबली, तेव्हाच तो बोलला. “तुझे शब्द कळले नाहीत. पण तुझे एवढेसे मूल तू माझ्याकडे मागते आहेस. बरोबर समजलो का?”

“तुमच्या शिपायांनी तिला तळघरात कोंडले आहे, महाराज.”

शब्द स्वच्छ ऐकू आले.

राजाने स्वतः तळघर उघडले. काळंभी लेकीला उराशी धरून डोंगरात गेली. प्रधान परतला, दरबार भरू लागला. पण राणी भिंतीला टेकून उभी होती.

“मला तुमची भीती वाटते,” ती म्हणाली.

राजाच्या जिभेवर उत्तर आले होते. त्याने ते गिळले, तलवार उंबऱ्याबाहेर ठेवली आणि तो खाली बसला.

“सांग,” तो म्हणाला.

समईतले तेल संपले, तरी राणी बोलत होती आणि राजा ऐकत होता.