थांबलेला नगारा

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा. तुमच्या भोवती दाट धुके आहे, स्वतःची पावलेसुद्धा दिसत नाहीत आणि लांबून कोणीतरी हाक मारते आहे. कोणत्या बाजूने? सांगता येईल? आता डोळे उघडा आणि ऐका.

सह्याद्रीच्या ऐन कड्यावर कडेवाडी नावाचे गाव होते. एका श्रावणात धुंडिनाथ महाराज तिथल्या भैरोबाच्या देवळात उतरले होते. रोज दुपारी भजन होई आणि दाजीबा नगारा वाजवी. त्याचा नगारा दरीपलीकडे ऐकू जाई. "आपण वाजवल्याबिगर देव जागा होत न्हाई," असे तो हसत म्हणे. पण मनातून त्याला ते खरेच वाटे.

भजनाला भागाई कुंभारीणही येई. तापात तिचे दोन्ही कान गेले होते. ती लाकडी खांबाला तळहात टेकून बसे. टाळ-नगाऱ्याची थरथर खांबातून हातात उतरली की तिचा चेहरा उजळे.

"काय भागाई, खांब काय म्हनतोय? एकादशी कवा हाय?" दाजीबा ओरडे. सगळे हसत. काही न कळून भागाईही हसे. महाराज मात्र हसत नसत.

एके दिवशी दाजीबाची लेक सगुणा चुकलेले करडू शोधायला कड्याकडे गेली आणि धुके उतरले. धुक्यात माणूस चुकले की नगारा वाजवायचा, आवाजाच्या रोखाने ते परत येते, अशी कडेवाडीची रीत. दाजीबाने टिपरू उचलले. पोर येईना. तो आणखी जोरात वाजवू लागला. हाताची साले निघाली. दिवस कलला. कड्याच्या काठावर एक पाऊल चुकले तर...

महाराजांनी त्याचा हात धरला. "दाजीबा, थांब."

"थांबू कसा, महाराज? पोरीला वाट कशी कळंल?"

महाराज म्हणाले, "तू तिला ऐकू जातोस. ती तुला ऐकू येते का?"

दाजीबाच्या हातातून टिपरू गळाले. सारे गाव गप्प झाले. दाजीबाने कान देऊन ऐकले. वारा, आणि स्वतःच्याच छातीची धडधड. दुसरे काही नाही. पण देवळासमोरच्या अंगणात बांधलेली शेळी, त्या करडाची आई, एकदम उठली. तिचे दोन्ही कान दरीकडे वळले.

"शेळी कशालाबी कान टवकारती," दाजीबा रडवेला होऊन म्हणाला.

महाराजांनी डोळे मिटून खांबापाशी बसलेल्या भागाईच्या मस्तकावर हात ठेवला. आणि काय आश्चर्य! भागाई दचकली.

"पोर रडतीया! 'आई' म्हनतीया!"

तिने शेळीचे दावे सोडले आणि तिच्यामागून धुक्यात शिरली. दाजीबा पाठोपाठ धावला. कड्याच्या काठाशी, एका कपारीत, पाय मुरगळलेली सगुणा करडाला कुशीत घेऊन बसली होती.

"बाबा, मी सारखी ओ देत व्हते," ती हुंदके देत म्हणाली. "नगारा चारी बाजूंनी यायचा. कुनीकडं जाऊ कळंना."

दाजीबाने तिला खांद्यावर घेतले. वाटेत भागाईशी बोलू गेला, तर तिने हसून कानाला हात लावला. तिच्या कानांना पुन्हा काहीच ऐकू येत नव्हते. "ऐकायचं तेवढं ऐकलं की," ती म्हणाली. धन्य ती भागाई!

देवळात येताच दाजीबा महाराजांच्या पायांवर पडू लागला. महाराज बाजूला सरकले. मागे भागाई उभी होती. त्या भरदार गड्याने सगळ्या गावादेखत तिच्या पायांवर डोके ठेवले. "आई, मी लई वाजवलं," तो म्हणाला, "ऐकलं मातर कदी न्हाई." भागाईला शब्द कळले नाहीत, तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"देवालाही असेच होत असेल," महाराज हळूच म्हणाले. "आपण वाजवतच राहतो, आणि तो ओ देत असतो."

दुसऱ्या दिवशी भजन सुरू झाले. सगुणा लंगडत आली. बापाजवळची नेहमीची जागा सोडून ती भागाईशेजारी बसली, एका हाताने करडाला धरले आणि दुसरा तळहात अलगद खांबाला टेकवला.