दुप्पट ताकदीची ट्रायल

हिंदुराव शेठना आपल्या स्पोर्ट्‌स कारची ताकद वाढवायची होती. कंपनी थोडीच वाढवून देत होती. बाहेरचा नावाजलेला मिस्त्री डिसले म्हणाला, "शेठ, मी दुप्पट करतो! कंपनीवाले भित्रे."

गाडी घेऊन आंबोली घाट उतरायचा होता ड्रायव्हर धनाजीला. त्याची बायको सुगंधा तिथंच गॅरेजमध्ये उभी होती. तिनं विचारलं, "डिसलेदादा, काम झाल्यावर ट्रायल मिस्त्रीच मारतो ना?"

"मीच मारणार!"

"मुलंबाळं आहेत?"

"एक मुलगी आहे. का हो?"

"मग तिला शेजारी बसवून घाटातच ट्रायल मारा."

डिसले चाचरला. "वहिनी, मग आधी ब्रेक मोठे बसवावे लागतील."

"आणि माझ्या नवऱ्याला आहेत तेच चालले असते होय?"

शेठनी गाडीची किल्ली धनाजीच्या हातात दिली. मग म्हणाले, "धनाजी, गाडी कंपनीत ने."