गाठ कोणी मारली?

गिरणा नदीच्या काठी देवसांगवी म्हणून एक लहानसे गाव आहे. केवलनाथ महाराज फिरत फिरत तेथे आले आणि महादेवाच्या देवळातील ओवरीत राहिले. कोणी दिले तर खात, न दिले तर मागत नसत. चमत्कार दाखवा म्हणून कोणी हट्ट धरला, तर म्हणत, "तू श्वास घेतोस, तो बघितलास का कधी?" मागणारा हिरमुसून निघून जाई.

त्याच देवळात आवडा नावाची गुरवाची सून झाडलोट करी. भाविकहो, ही आवडा जन्माची डावरी. लहानपणी डाव्या हाताने घास उचलला की पाठीत धपाटा बसे. अशा पोरीला सोयरीक कशी यायची, हीच तिच्या आईला धास्ती. म्हणून देवळात नेताना ती पोरीचा डावा हात चिंधीने कमरेशी बांधून टाकी; न जाणो, अशुभ हात देवापुढे गेला तर! आवडा मोठी झाली, लग्न होऊन देवसांगवीला आली, तरी पदराखाली चिंधी बांधल्याखेरीज देवळाच्या पायरीवर पाऊल टाकत नसे. एका हाताने झाडायला वेळ लागे. उजव्या हाताची रांगोळी वेडीवाकडी होई.

देवाला अभिषेक करायला वैजनाथशास्त्री येत. विद्वान माणूस, पण जिभेला हाड नाही. "रांगोळी काढलीस की कोंबडी नाचवलीस, आवडे?" ते चारचौघांत विचारत. "हात बांधून खोड जाते होय? अवलक्षण ते अवलक्षणच!"

लोक हसत. आवडा मान खाली घालून ऐके. शास्त्रीबुवा खरे तेच बोलतात, असेच तिला वाटे. त्यामुळे तिला कधी रडूही आले नाही.

एके सकाळी ती चिंधीची गाठ मारत होती, तेव्हा महाराज पायरीवर बसले होते.

"बाई, हा हात कोणी बांधला?"

"आईनं, महाराज."

"कुठे असते ती?"

"ती जाऊन लई वर्षं झाली जी."

"मग आज कोणी बांधला?"

 आवडाने हातातल्या चिंधीकडे पाहिले. हलकेच म्हणाली, "मीच." आणि मग घाईने, "सोडू का मग?"

"मी सांगितले म्हणून सोडलीस, तर ती माझी गाठ झाली," महाराज म्हणाले. "बांध खुशाल. बांधताना मात्र बघत जा. कोण भ्यालंय, कशाला भ्यालंय, एवढंच."

त्या दिवसापासून आवडा बघू लागली. आधी काहीच दिसेना. मग गाठ मारता मारता आईचे घाबरे डोळे आठवू लागले. त्यामागे नात्यातल्या बायकांची कुजबूज, शास्त्रीबुवांचे हसणे. आणि एके दिवशी त्या सगळ्याच्या तळाशी तिला एक भुकेले पोर दिसले. भाकरीकडे हात नेला, एवढाच त्याचा गुन्हा. त्या दिवशी आवडा पायरीवर बसून पोटभर रडली. डोळे पुसून तिने गाठ मारलीच. पण ती आता पूर्वीसारखी घट्ट बसत नव्हती.

शास्त्रीबुवांच्या कानी हे गेले. "गाठ बघ म्हणाले? वा रे उपदेश!" ते म्हणाले. "उद्या म्हणतील, चुलीतला धूर बघ!"

श्रावणी सोमवार आला. देवळात घंटा आणि ढोल यांचा एकच कल्लोळ. पावसाने देवळाच्या आवारातली बारव वरच्या पायऱ्यांपर्यंत भरली होती. आवडा तिथे बेलाची पाने धूत होती. शास्त्रीबुवा घागर घेऊन उतरले आणि शेवाळावरून त्यांचा पाय घसरला. त्यांना पोहता येत नव्हते. आवडाने हाक मारली. ढोलापुढे कोण ऐकणार? तिने उजवा हात पुढे केला. शास्त्रीबुवांनी तो धरला, पण त्या हाताला जोर नव्हता, बोटे निसटली. ते पाण्याखाली गेले.

आवडाचा हात गाठीवर गेला. तीच भीती उसळून आली: हा हात? आणि शास्त्रीबुवांना लावायचा? पण आता ती भीती तिच्या ओळखीची होती. ही आईची, तिने जाणले, माझी नव्हे. गाठीला ओढ द्यावीच लागली नाही. चिंधी आपोआप गळून पडली. "महाराज!" अशी आरोळी ठोकून तिने डावा हात पाण्यात घातला आणि शास्त्रीबुवांनी तिचे मनगट घट्ट धरले.

आवडा काडीसारखी, शास्त्रीबुवा चांगले थोराड. तीच आत खेचली जायची! पण काय नवल सांगावे, आपल्या हाताच्या आत आणखी कोणाचा तरी हात आहे असे तिला वाटले. ओझे जाणवेना. ढोल थांबताच कोणाला तरी तिची हाक ऐकू आली; माणसे धावत येऊन शास्त्रीबुवांना वर ओढेपर्यंत तिने त्यांना धरून ठेवले.

त्याच वेळी ओवरीत बसलेले महाराज एकाएकी पुढे ओढले गेले. उजव्या हाताने त्यांनी खांबाला मिठी घातली. डावा हात ताठ पुढे झाला होता. कपाळ घामाने डबडबले.

"काय झाले, महाराज?" जवळच्यांनी घाबरून विचारले.

"काही नाही," महाराज म्हणाले. "जड आहे."

दिवस कलताना शास्त्रीबुवा आधार घेत ओवरीत आले. महाराजांच्या डाव्या मनगटावर बोटांचे काळेनिळे वळ उठले होते. शास्त्रीबुवांनी आपली बोटे त्यांवर ठेवली. बोट न् बोट जुळले! त्यांनी महाराजांच्या पायांवर लोटांगण घातले.

महाराजांनी मनगटावर उपरणे ओढले. "मी तर इथून उठलोही नाही, शास्त्रीबुवा. पाण्यात गेला तो हात कोणाचा, ते आठवा."

आवडा खांबाशी उभी होती. शास्त्रीबुवा तिच्यासमोर आले. "बाई, मी ज्याला अवलक्षण म्हणालो..."  ते तिच्या पायांशी वाकले.

"अहो, उठा! मला पाप लागंल!" आवडा पटकन म्हणाली आणि मागे सरली. पण बोलता बोलता तिने आपलेच शब्द ऐकले. हे कोण बोलले? मागे घेतलेले पाऊल तिने पुन्हा जागेवर आणले.

शास्त्रीबुवांनी तिच्या पायांवर मस्तक ठेवले. आवडा मान वर करून उभी राहिली.