रादोयेचा लंगडा ताल

फार मागची गोष्ट आहे, वर्षं ज्याची त्यानं लावावीत. सर्बियाच्या डोंगरात ग्राबोवाक नावाचं गाव होतं. तिथं नाचाला ढोल असे आणि सनईसारखी झुर्ला असे. पितळ म्हणाल तर गुरांच्या गळ्यातल्या घंटांपुरतं.

मग रादोये बारा वर्षांची लष्करातली चाकरी संपवून परतला, आणि येताना पितळी कर्णा घेऊन आला. असं म्हणतात, की थंडीत तो कांबळं आधी कर्ण्यावर घाली, उरलं तर स्वतःवर.

पण नुसता माल चांगला असून भागत नाही, गिऱ्हाईक ओळखावं लागतं. एका लग्नात रादोयेनं कर्णा तोंडाला लावला आणि पलटणीला रांगेत उभं करायची धून वाजवली. त्याला तेवढंच येत होतं. गावातले निम्मे पुरुष लष्करात राहून आलेले. ते ताटावरून उठून रांगेत उभे राहिले. नवरदेवानंही नवरीचा हात सोडला आणि तो ताठ झाला.

"मग त्या कर्ण्याशीच नांदा!" म्हणत नवरी माहेरी निघून गेली.

गावचा मुखिया मिलुतिन म्हातारा भडकला. "वसंतात संत जॉर्जचा सण येईल, तोवर या कर्ण्यावर एक माणूस तरी नाचवून दाखव. नाहीतर वितळवून बैलांना घंटा करू."

वितळवायचं काम डेमिर लोहाराचं. हा रोमा जमातीचा, आणि झुर्ला वाजवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. रादोये कर्णा छातीशी धरून त्याच्याकडे गेला.

"आधी वाजव तर," डेमिर म्हणाला. ऐकून हसला. "डावा-उजवा, डावा-उजवा! गड्या, हुकमावर कोणी नाचतं का? जरा लंगडायला शीक."

त्यानं ऐरणीवर ताल धरला. दोन, दोन, दोन आणि तीन. शेवटचं पाऊल लांब. रादोयेचा पाय दर वेळी परत लष्करात जाई. एकवीस दिवस ऐरण वाजत राहिली. असं म्हणतात, की शेवटी डोंगरावरच्या मेंढ्यासुद्धा त्या तालावर चरायला लागल्या.

सणाला चौकात भट्टी पेटली. रादोये तो लंगडा ताल वाजवू लागला. सूर गोड होते, पण लोक हलेनात. मोडलेलं लग्न सगळ्यांना आठवत होतं.

"पुरे!" मिलुतिन कर्णा हिसकावायला उठला. त्याच्या पायात जुन्या लढाईतली गोळी होती. तीन पावलं टाकली की कळ येई आणि चौथं रेंगाळे. दोन, दोन, दोन आणि तीन.

"अगं बाई, मुखिया नाचतोय!" एक म्हातारी ओरडली.

"नाचत नाही, चालतोय!" मिलुतिन गरजला, पण गरजला तोही तालावरच.

तोवर लोकांनी त्याच्यामागे हातात हात गुंफून फेर धरला होता. डेमिरनं भट्टीवर बादलीभर पाणी ओतलं. "मुखियाजी, भट्टी विझली. आता काय करू?"

"तुझी झुर्ला काढ," म्हातारा धापा टाकत म्हणाला.

असं म्हणतात, की तो फेर तीन दिवस चालला, अख्ख्या डोंगराला वळसा घालून आला, आणि वाटेतली आलुबुखाराची झाडं दुसऱ्यांदा फुलली. पुढे गावोगाव कर्णे गेले, दहा-दहा जणांचे ताफे झाले.

आजही ग्राबोवाकच्या लग्नात दहा कर्णेवाले ओठांना कर्णे लावून गप्प उभे राहतात. गावात ज्याला चालणं सर्वांत अवघड, ते माणूस काठी टेकत चौकात येतं. त्याची पावलं जशी पडतील तसाच ताल, रादोयेचं नाव घेऊन, धरायचा. घाई कोणी करत नाही.